प्राण्यांच्या दृष्टी-कॉर्टेक्सचा नकाशा एफएमआरआयने कसा काढावा

मेंदूच्या बाहेरच्या थराला कॉर्टेक्स म्हणतात, आणि मेंदूच्या मागच्या भागात प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्स असतो. त्याला व्ही-१ म्हणतात, आणि त्यात डोळ्यासमोरच्या दृश्याचा एक नकाशाच असतो. दृश्यातील शेजारचे बिंदू दृष्टिपटलावर शेजारी पडतात आणि थॅलॅमस या मेंदूतील मधल्या टप्प्यामधून पुढे जातानाही हे शेजारपण टिकून राहते. नकाशा मात्र समप्रमाणात नसतो. माकडामध्ये नजरेच्या मध्याजवळच्या काही अंशांना कॉर्टेक्सचा फार मोठा हिस्सा मिळतो आणि कडेच्या दृश्याला थोडका. डावीकडचे दृश्य उजव्या गोलार्धात जाते. १९८२ मध्ये रॉजर टूटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाला वर्तुळे आणि आरे असलेली नक्षी दाखवली आणि किरणोत्सारी डीऑक्सीग्लुकोजच्या, म्हणजे सक्रिय पेशी शोषून घेतात अशा साखरेसारख्या द्रव्याच्या, साहाय्याने व्ही-१ च्या ऊतीत तीच नक्षी, वाकलेली पण सहज ओळखू येणारी, उमटलेली दाखवून दिली. त्या पद्धतीत नकाशा मिळवण्यासाठी प्राण्याचा जीव घ्यावा लागत असे. एफएमआरआयमुळे, म्हणजे चुंबकीय स्कॅनरने मेंदूचे काम चालू असताना चित्रे घेण्याच्या तंत्रामुळे, तोच प्राणी पुन्हा पुन्हा अभ्यासता येतो, संपूर्ण मेंदू एकाच वेळी पाहता येतो आणि माणसावर वापरली जाणारीच पद्धत वापरल्यामुळे दोन प्रजातींची तुलना करता येते.

या तंत्राचा पाया रक्तात आहे. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित विक्षेप निर्माण करते, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन तसा करत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत हा फरक चित्रात पकडता येतो हे दाखवले, आणि तेव्हापासून हा संकेत ‘बोल्ड’ (रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असलेला) या नावाने ओळखला जातो. चेतापेशींची हालचाल वाढली की त्या जागी गरजेपेक्षा जास्त ताजे रक्त येते आणि संकेत एक-दोन टक्क्यांनी, कधी त्याहूनही कमी, वाढतो. म्हणजे आपण पेशी पाहत नसून पेशींमागोमाग काही सेकंदांनी येणारे रक्त पाहत असतो. निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने २००१ मध्ये माकडाच्या मेंदूत विद्युतनोंद आणि एफएमआरआय एकाच वेळी करून हेही दाखवले की, हा संकेत पेशींच्या सुट्या स्पंदांपेक्षा त्या भागातील स्थानिक विद्युतक्षेत्राशी अधिक जुळतो.

पुढच्या सर्व पायऱ्यांमागे एकच विचार आहे, तो आधीच सांगतो. आपण मेंदूचा नकाशा काढतो असे म्हणतो, पण नकाशावरचे अक्षांश-रेखांश दृष्टिपटलाचे असतात. डोळा कुठे वळलेला होता, त्यावर प्रतिमा स्पष्ट पडत होती की नाही, कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, स्वच्छ होता की नाही, हे माहीत नसेल, तर कितीही शक्तिशाली चुंबक आणि कितीही काटेकोर संख्याशास्त्र त्या नकाशाला वाचवू शकत नाही. नवे संशोधक आपला बहुतेक वेळ स्कॅनरच्या मांडणीवर खर्च करतात. माझ्या मते निम्मा वेळ डोळ्यावर खर्च व्हायला हवा.

प्रश्न आणि प्राणी

कामाची सुरुवात यंत्रापासून न करता प्रश्नापासून करावी. व्ही-१ च्या पलीकडच्या भागांच्या सीमा हव्या असतील, तर मकाक माकडाचा मेंदू सर्वांत सोयीचा आहे, कारण त्यावर दशकानुदशके काम झालेले आहे आणि त्याची दृष्टी माणसाच्या दृष्टीच्या जवळची आहे. जनुकीय बदल केलेल्या प्राण्यात दृष्टिमार्ग कसा बदलतो हे पाहायचे असेल, तर माउस, म्हणजे छोटा उंदीर, घ्यावा लागतो. पण त्याच्या व्ही-१ ची रुंदी साधारण दोन मिलिमीटर असते आणि ०.२ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलने (चित्राच्या सर्वांत लहान घनाकृती कणाने) पाहिले तरी त्या रुंदीत जेमतेम दहा व्हॉक्सेल बसतात. मांजर या दोहोंच्या मधले आहे आणि दृष्टी-कॉर्टेक्सच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्या ह्यूबेल व वीझेल या शास्त्रज्ञांच्या काळापासून त्याच्या दृष्टिमार्गाची विद्युतनोंदींनी भरपूर माहिती उपलब्ध असल्याने नवी पद्धत पडताळण्यासाठी फार उपयोगी पडते.

प्राणी ठरवताना त्याला काय दिसते याचा विचार अटळ आहे. माउसची दृष्टी अंशाला अर्ध्या चक्राच्या (एक काळी आणि एक पांढरी पट्टी मिळून एक चक्र) आसपास संपते, म्हणजे त्याहून बारीक पट्ट्या त्याला एकसलग राखाडी दिसतात. रंगीत केसांच्या रॅटची, म्हणजे मोठ्या उंदराची, मर्यादा अंशाला सुमारे एक चक्र असते, तर लाल डोळ्यांच्या पांढऱ्या रॅटची त्याच्या निम्मी. म्हणून नकाशाच्या कामासाठी पांढरा रॅट निवडणे हे केवळ तो प्रयोगशाळेत सहज मिळतो म्हणून होत असेल, तर ते टाळावे. शिवाय कृंतकांमध्ये, म्हणजे माउस-रॅटसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये, दृष्टिपटलाकडून निघणारे बहुसंख्य तंतू मध्यमेंदूतील सुपीरियर कॉलिक्युलसकडे जातात. त्यामुळे चित्रणाच्या कक्षेत कॉर्टेक्सइतकेच कॉलिक्युलसला आणि थॅलॅमसमधील दृष्टिकेंद्राला स्थान द्यावे. बऱ्याचदा तिथलाच नकाशा अधिक ठळक निघतो.

प्राणी-नीती समितीची लेखी मान्यता मिळेपर्यंत काहीही सुरू होत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तिथे पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या कमी ठेवणे आणि त्यांचा त्रास कमी करणे, ही अर्जात भरण्यापुरती नाही. एफएमआरआयमध्ये तिचा अर्थ नेमका आहे: एकाच प्राण्याकडून अनेक दिवस मोजमाप घेता येत असल्यामुळे प्राणी कमी लागतात, आणि उपलब्ध खुल्या संग्रहांतील माहिती आधी तपासली तर कधीकधी नवा प्राणी लागतच नाही. माकडांच्या एमआरआयसाठी २०१८ पासून ‘प्राइम-डीई’ हा खुला संग्रह आहे. प्रस्ताव लिहिण्यापूर्वी तो जरूर पाहावा.

जागा प्राणी की भूल दिलेला

हा निर्णय नकाशाचे स्वरूप ठरवतो. जाग्या माकडाला पडद्यावरच्या एका ठिपक्याकडे टक लावून पाहायला शिकवावे लागते आणि त्याला कित्येक महिने लागतात. ते प्लास्टिकच्या खुर्चीत स्फिंक्ससारखे पुढे पाय टेकून बसते, डोके चुंबकाला न जुमानणाऱ्या साहित्याच्या आधाराने स्थिर केलेले असते, इन्फ्रारेड कॅमेरा डोळ्याची हालचाल नोंदवतो आणि नजर ठिपक्याभोवतीच्या अंश-दोन अंशांच्या चौकटीत राहिली तर त्याला रसाचा थेंब मिळतो. इथे एक बारकावा आहे. रस गिळताना जबडा आणि जीभ हलते, डोके तसूभरही हलत नाही, आणि तरीही चुंबकीय क्षेत्र बदलल्यामुळे मेंदूचे चित्र ताणले जाते. डोके घट्ट बांधून हा दोष जात नाही. रस देण्याच्या वेळा उद्दीपकाच्या, म्हणजे प्राण्याला दाखवल्या जाणाऱ्या दृश्याच्या, चक्राशी जुळू न देणे आणि प्रत्येक चित्राची विकृती स्वतंत्रपणे दुरुस्त करणे, हेच त्यावरचे उपाय आहेत.

भूल दिलेला प्राणी हलत नाही, पण भूल स्वतःच संकेतावर परिणाम करते. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू रक्तवाहिन्या सैल करतो आणि कॉर्टेक्सचे काम मंदावतो. त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्या वर गेले की दृष्टीचा प्रतिसाद झपाट्याने मंदावतो. म्हणून कृंतकांमध्ये पुष्कळदा मेडेटोमिडिन हे गुंगीचे औषध त्वचेखालून सतत देतात, एकटे किंवा अगदी कमी आयसोफ्लुरेनच्या जोडीने. कोणतेही औषध निवडले तरी शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि बाहेर टाकलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड सुमारे ३५ ते ४० मिलिमीटर पारा इतका ठेवावा. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतील रक्तवाहिन्या आधीच फुगलेल्या असतात आणि उद्दीपकामुळे आणखी फुगायला वाव राहत नाही. नकाशा कोरा आला, तर संगणकाकडे वळण्याआधी या दोन नोंदी पाहाव्यात.

डोळे स्थिर ठेवण्यासाठी मांजर आणि माकड यांना स्नायू शिथिल करणारे औषध द्यावे लागते. शिथिल झालेला प्राणी वेदना दाखवू शकत नाही. म्हणून भूल पुरेशी आहे याची खात्री आधी, शिथिलीकरणाशिवाय, करून घ्यावी आणि नंतर हृदयगती व रक्तदाब अखंड पाहत राहावे. त्यात शंका आली तर प्रयोग तिथेच थांबवावा.

डोळ्याची तयारी

भूल दिलेला प्राणी डोळे मिचकावत नाही. दहा-पंधरा मिनिटांत कॉर्निया कोरडा पडू लागतो. रॅट आणि माउसमध्ये मेडेटोमिडिन किंवा झायलाझिन दिल्यावर डोळ्याचे भिंगही तात्पुरते दुधाळ होऊ शकते. माझ्या पाहण्यातील एका रॅटच्या बाबतीत पहिल्या दोन फेऱ्यांत कॉलिक्युलसचा नकाशा सुरेख आला, तिसरीत पुसट झाला आणि चौथीत नाहीसा झाला. तापमान ठीक होते, श्वास ठीक होता, कॉइल (संकेत टिपणारी डोक्याजवळची वायरची वेटोळी) ठीक होती. प्राणी ठेवलेला पाळणा स्कॅनरबाहेर काढून टॉर्च तिरका धरला, तेव्हा बाहुलीमागे भाताच्या पेजेसारखा पांढरा पडदा दिसला. तेव्हापासून डोळ्याचे छायाचित्र प्रत्येक सत्राच्या आधी आणि शेवटी घेणे हा नेम झाला आहे, आणि तो पाळण्याचा आग्रह मी प्रत्येकाला करतो.

कृंतकांमध्ये सुरुवातीपासूनच पारदर्शक नेत्रवंगण लावावे आणि ते पातळ थरातच लावावे, कारण जाड थर स्वतःच भिंगासारखे काम करून प्रतिमा बिघडवतो. मांजर आणि माकडात ओलावा टिकवणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात. बाहुली मोठी करून भिंगाचे समायोजन थांबवण्यासाठी ॲट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालतात, आणि मांजराची तिसरी पापणी मागे सरावी म्हणून फेनिलएफ्रिनही घालतात. समायोजन थांबल्यावर डोळा आपोआप पडद्याच्या अंतरावर केंद्रित होत नाही. त्यामुळे रेटिनोस्कोपने नंबर तपासून पडद्याच्या अंतरासाठी योग्य क्रमांकाची लेन्स घालणे आवश्यक ठरते.

यानंतर नजरेची दिशा ठरवावी. ऑप्थॅल्मोस्कोपने दृष्टिपटलावरचा अंधबिंदू, म्हणजे दृष्टिचेता जिथून बाहेर पडते ती चकती, आणि माकडात मध्यबिंदूचा खळगा शोधून त्यांची जागा पडद्यावर उलट दिशेने प्रक्षेपित करून खूण करतात. शिथिल केलेला डोळाही तासागणिक थोडा सरकतो, म्हणून ही खूण सत्राच्या अखेरीस पुन्हा करावी. दोन खुणांमधील अंतर हीच तुमच्या नकाशाच्या अचूकतेची कमाल मर्यादा समजावी. तीन अंशांचा सरकाव असताना अर्ध्या अंशाच्या तपशिलाचा दावा करता येत नाही.

पडदा आणि उद्दीपक

चुंबकाच्या बोगद्यात साधा मॉनिटर चालत नाही. बाहेरच्या प्रोजेक्टरची प्रतिमा आरशांतून आतल्या पडद्यावर टाकावी किंवा प्रकाशतंतूंच्या जुडग्यातून आणावी. कृंतकांचे डोळे बाजूला असल्यामुळे त्यांचा पडदा समोर न ठेवता एका बाजूला, डोळ्याच्या जवळ ठेवावा लागतो आणि दुसरा डोळा पूर्ण झाकावा लागतो. बोगद्याच्या चकचकीत भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश संपूर्ण दृष्टिपटल उजळतो आणि नकाशा धूसर करतो, यासाठी आतून काळा, अचुंबकीय कागद लावावा. माउसच्या दृष्टिपटलातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी अतिनील आणि हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, लाल प्रकाशाला जवळजवळ नाही. त्यामुळे माणसाच्या डोळ्यांसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरची बरीच चमक त्याच्या दृष्टीने वाया जाते.

उद्दीपकाची सर्वांत जुनी आणि अजूनही भरवशाची रीत म्हणजे फिरती पाचर आणि पसरते कडे. माणसांवर ही रीत १९९० च्या दशकाच्या मध्यात स्टीफन एंगल आणि मार्टिन सेरेनो यांच्या गटांनी रुळवली. काळ्या-पांढऱ्या चौकटींची लुकलुकणारी पाचर नजरेच्या मध्याभोवती फिरते आणि त्यातून दिशाकोन मिळतो. कडे मध्यापासून बाहेर पसरते आणि त्यातून मध्यापासूनचे अंतर मिळते. चौकटींचा आकार त्या प्राण्याच्या दृष्टीनुसार ठेवावा.

याचे गणित एकदा हाताने करून पाहावे, कारण त्यातूनच पद्धत खऱ्या अर्थाने समजते. समजा पाचर वरच्या उभ्या रेषेपासून निघून ३६ सेकंदांत पूर्ण फेरी मारते, दर २ सेकंदांनी एक चित्र घेतले जाते आणि अशा ८ फेऱ्या होतात. म्हणजे १४४ चित्रे, २८८ सेकंद. एखाद्या व्हॉक्सेलचा संकेत पाचर घड्याळाच्या दिशेने फिरताना १४ व्या सेकंदाला शिखर गाठतो, उलट दिशेने फिरताना ३२ व्या सेकंदाला. रक्ताचा उशीर दोन्ही वेळा सारखाच असतो. दोन्ही वेळांची बेरीज ४६ येते, त्यातून एक फेरी, म्हणजे ३६ वजा केल्यास १० उरतात आणि त्याचे निम्मे, ५ सेकंद, हा उशीर ठरतो. १४ मधून ५ वजा केल्यास ९ सेकंद, म्हणजे पाव फेरी, म्हणजे ९० अंश: हा व्हॉक्सेल उजवीकडच्या आडव्या रेषेवरचे दृश्य पाहतो आणि तो डाव्या गोलार्धात असायला हवा. तो उजव्या गोलार्धात निघाला, तर पडद्यावरची प्रतिमा आरशामुळे उलटी झाली आहे का हे आधी तपासावे. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच वारंवार होते. निम्मे करताना गणिताला २३ सेकंदांचा उशीरही तितकाच मान्य असतो. तो अशक्य आहे हे आपल्याला शरीरक्रियेच्या ज्ञानामुळे कळते, संगणकाला ते सांगावे लागते.

२००८ मध्ये ड्यूमुलाँ आणि वँडेल यांनी मांडलेली दुसरी रीत प्रत्येक व्हॉक्सेलसाठी दृश्यातील जागा आणि त्या जागेचा विस्तार, दोन्ही काढते. त्यासाठी सरकते पट्टे दाखवतात आणि मध्येमध्ये पडदा पूर्ण कोरा ठेवतात. हा कोरा काळ वगळू नये, कारण त्याच्याशिवाय विस्ताराचा अंदाज विश्वसनीय राहत नाही.

चित्रण

माकडासाठी ३ ते ७ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे एकक) आणि १ ते २ मिलिमीटरचे व्हॉक्सेल, कृंतकांसाठी ७ ते ११.७ टेस्ला आणि त्याहून खूप लहान व्हॉक्सेल, अशी साधारण मांडणी असते. कवटीला शक्य तितकी जवळ बसणारी लहान कॉइल वापरल्याने जो फायदा होतो तो पुष्कळदा चुंबक बदलूनही होत नाही. सत्राच्या सुरुवातीला चुंबकीय क्षेत्र सगळीकडे एकसारखे करण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा, विशेषतः कानाच्या पोकळ्यांजवळ. याच सत्रात एक बारीक शारीरिक चित्र आणि विकृती मोजण्यासाठी विरुद्ध दिशेने घेतलेले एक जलद चित्रही घ्यावे.

लोहकणांचे द्रावण शिरेतून देऊन रक्ताचे आकारमान मोजण्याचा मार्ग विम व्हांडुफेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जाग्या माकडांत रुजवला. ३ टेस्लावर त्यामुळे संवेदनशीलता जवळपास तिप्पट होते, आणि पृष्ठभागावरच्या मोठ्या शिरांचा खोटा प्रतिसाद कमी झाल्याने जागाही अधिक अचूक मिळते. मात्र इथे प्रतिसाद वाढला की संकेत घटतो. हे चिन्ह विश्लेषणात उलटवायचे राहिले तर सगळा नकाशा अर्ध्या फेरीने फिरतो आणि तरीही दिसायला सुरेखच दिसतो.

विश्लेषण आणि सीमा

हालचालीची दुरुस्ती, विकृतीची दुरुस्ती आणि संथ चढउतार काढणे एवढे झाल्यावर चित्रे गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. दहा व्हॉक्सेल रुंदीच्या व्ही-१ वर तीन व्हॉक्सेलचा गुळगुळीतपणा लादला, तर शेजारचे भाग एकमेकांत मिसळतात आणि सीमा हरवते. प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये उद्दीपकाच्या वारंवारतेवरचा संकेत, म्हणजे वरच्या उदाहरणात दर फेरीमालिकेत ८ चक्रे, बाकीच्या वारंवारतांच्या तुलनेत किती मोठा आहे हे पाहून उंबरठा ठरवावा.

माकडात व्ही-१ आणि त्याच्या शेजारचा दृष्टीचा भाग व्ही-२ यांची सीमा उभ्या मध्यरेषेवर पडते, तर व्ही-२ ची बाहेरची सीमा आडव्या मध्यरेषेवर. दिशाकोनाचा नकाशा कॉर्टेक्सच्या उलगडलेल्या पृष्ठभागावर टाकला की फेज, म्हणजे संकेताचे शिखर चक्रात कुठे येते ती जागा, एका दिशेने वाढत जाते, थबकते आणि उलटी फिरते. जिथे ती उलटते तिथे सीमा. हेच काम अधिक निःपक्षपातीपणे करायचे, तर दिशाकोन आणि अंतर हे दोन नकाशे जोडून क्षेत्रचिन्ह काढावे. एका भागात दृश्याची आरशातील प्रतिमा असते, तर शेजारच्या भागात सुलटी, आणि चिन्ह बदलते तिथे रेषा आखता येते. माउसमध्ये व्ही-१ भोवतीचे भाग इतके लहान आहेत की एफएमआरआयवरून त्यांच्या सीमा ठामपणे आखू नयेत. तिथे ॲलन संस्थेच्या माउस-मेंदूच्या प्रमाणित नकाशासंचाशी जुळवून भागाचे नाव द्यावे आणि नाव नकाशासंचावरून घेतल्याचे स्पष्ट लिहावे.

हजारो व्हॉक्सेलची एकाच वेळी चाचणी होत असताना काही केवळ योगायोगाने सक्रिय दिसणारच. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली आणि अनेक तुलनांची दुरुस्ती न करता विश्लेषण केले, तेव्हा त्याच्या मेंदूतही सक्रिय व्हॉक्सेल सापडले. दुरुस्ती केल्यावर ते नाहीसे झाले. दृष्टीच्या नकाशात याहूनही कसोटीची तपासणी आपल्या हाती आहे: तीच मालिका, तोच प्राणी, तेवढीच भूल, आणि डोळा अपारदर्शक टोपीने झाकलेला. या फेरीतही नकाशा दिसला, तर तो यंत्राचा आहे, मेंदूचा नाही. ही फेरी प्रत्येक प्राण्यात किमान एकदा घ्यावी, आणि पूर्ण मोजमाप किमान एका वेगळ्या दिवशी पुन्हा करून दोन दिवसांतील फेजचा फरक अंशांत मांडावा.

निष्कर्ष लिहिताना नकाशाशेजारी पुढील गोष्टी जरूर छापाव्यात: भुलीचे औषध, त्याची मात्रा आणि मोजमापाच्या वेळेपर्यंत गेलेला वेळ, लेन्सचा क्रमांक, पडद्याचे अंतर आणि त्याने व्यापलेले अंश, अंधबिंदूच्या पहिल्या आणि शेवटच्या खुणेतील अंतर, किंवा जाग्या प्राण्यात नजर चौकटीत राहिल्याची टक्केवारी, आणि डोळा झाकलेल्या फेरीचे चित्र, त्याच उंबरठ्यावर आणि त्याच रंगपट्टीत.